मृगात गणेशवेल, दिवाळीआधी स्वीट पी

आमचं घर धुळ्यात, देवपुरात. ओटा पश्चिमेला. पश्चिमेच्या ओट्यावर धुळ्याची दुपार काढलेल्या माणसाला पुढचं काही सांगायला नको. आमच्या ह्यांनी आधी नर्सरीवाले लावतात ती हिरवी जाळी बांधून पाहिली. दोन उन्हाळ्यांत तिच्या चिंध्या झाल्या, आणि वाऱ्याला रात्रभर फडफड. मग मी कठड्यापासून पत्र्याखालच्या पाइपापर्यंत सुतळ्या ताणल्या आणि खाली रंगाच्या रिकाम्या बादल्यांत गणेशवेल पेरली. त्याला आता चौदा पावसाळे झाले.

मधुमालती का नाही लावत, असं शेजारणी विचारतात. लावा की. पण ती एकदा आली की जायचं नाव घेत नाही. पन्हाळीत घुसते, पत्रा उचलते, आणि संक्रांतीच्या थंडीत ओट्यावर जे कोवळं ऊन हवं असतं तेही अडवून बसते. हंगामी वेलीचं तसं नाही. पावसात वाढते, ऑक्टोबरच्या उन्हात पडद्यासारखी उभी राहते आणि थंडी पडली की वाळून आपली जागा मोकळी करते. एप्रिल-मेमध्ये मात्र तिच्याकडून सावली मागू नका. पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा बादलीतल्या मातीवर नुकतं उगवलेलं काही टिकत नाही. त्या दोन महिन्यांना वाळ्याचा पडदाच बरा.

आधी महिना, मग बी

बियांच्या पाकिटामागे 'मार्च ते मे पेरा' असं छापलेलं असतं. ते थंड मुलखातल्या माणसांसाठी. आपल्याकडे तो महिना पाळला तर पाकिटाचे पैसे गेले समजा.

माझे आप्पा पारोळ्याकडे कपाशी आणि बाजरी करायचे. मृग लागला म्हणून ते कधी पेरायला धावले नाहीत. वावरात काठी खुपसून ओल किती खोल गेली ते बघायचे, आणि वीतभर ओल असल्याशिवाय बियाण्याच्या पिशवीला हात लावू द्यायचे नाहीत. मी सून होऊन शहरात आले, बादलीत तर आपण हातानं पाणी घालणार म्हणून हे सगळं विसरले. पहिल्या वर्षी मेच्या शेवटी धूळपेरणी केल्यासारख्या कोरड्या मातीत बिया टाकल्या, वरून पाणी शिंपडलं. अर्ध्या मुंग्यांनी नेल्या. उरलेल्यांतून चार-दोन कोंब वर आले ते दुपारच्या तव्यावर भाजून निघाले. पाण्याची ओल होती, पण हवेतली आग गेली नव्हती. तेव्हापासून एक-दोन चांगले पाऊस होऊन अंगावरचा वारा गार लागल्याशिवाय मी पावसाळी वेल पेरत नाही. आमच्याकडे हे साधारण जूनच्या मध्याला किंवा तिसऱ्या आठवड्यात जमतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. वेलीला ऊन-पाऊस कळतो तशी रात्रीची लांबीही कळते. धुळ्यात जूनअखेर दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरअखेर अकरा तासांच्या आत येतो. मॉर्निंग ग्लोरीतली जी काळादाण्याची जात आहे, ती रात्र लांब व्हायला लागल्याशिवाय कळी धरत नाही. जूनमध्ये पेरली की जुलै-ऑगस्ट नुसती पानं. माणसाला वाटतं खत कमी पडलं, म्हणून माणूस शेणखत घालतो, आणि वेल आणखी माजते. मी हे केलंय. बारा फूट वेल, तळहाताएवढी पानं, फूल एक नाही. दसरा जवळ आला तशी आपली आपण कळ्यांनी भरली. पुढे आमच्या कोपऱ्यावर पांढरा दिवा लागला, तेव्हा त्याच वेलीची रस्त्याकडची बाजू उशिरापर्यंत हिरवीच राहिली आणि भिंतीकडची आधी फुलली. दिवा रात्रभर डोळ्यावर असेल तर तिला रात्र झाल्याचं कळणार कसं?

म्हणून या वेलीला घाई नको, जुलैत पेरली तरी चालते. गणेशवेल आणि गोकर्ण मात्र जूनमध्येच. दीड-दोन महिन्यांत दोन्ही फुलायला लागतात. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाईचा सण असतो, तिचे रोट होतात त्या रविवारी माझी गणेशवेल पत्र्याला लागलेली असते आणि गणपतीत लाल होते.

बी तपासणं आणि भिजवणं

दुकानातलं पाकीट जुनं असू शकतं. एका वर्षी मला असं पाकीट मिळालं की वीस बियांतून दोन उगवल्या. दुकानदार म्हणाला, "तुमच्या हाताचा गुण नसेल, ताई." मी काही बोलले नाही, पण तेव्हापासून घरी तपासते. आप्पा बाजरीचं करायचे तसंच: दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या, डब्यात ठेवायच्या, आठ दिवसांनी मोजायच्या. सात किंवा जास्त मोडावल्या तर बी चांगलं. चार-पाच असतील तर दाट पेरा. त्याहून कमी असेल तर बादली, माती, पाणी वाया घालवू नका. पाण्यावर तरंगलं ते बी फुकट, असं काही जण सांगतात. या टणक सालीच्या बियांना ती परीक्षा लागू नाही, तरंगलेलंही उगवतं.

आता टणक सालीबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी, चांदणवेल (मूनफ्लॉवर) आणि थंडीत लावायची सुवासिक फुलांची स्वीट पी यांच्या बियांच्या सालीतून पाणी सहज आत जात नाही. रानात ती बी एखाद-दोन वर्षं तशीच पडून राहिली तरी बिघडत नाही, आपल्याला मात्र याच पावसाळ्यात फूल हवं असतं. तेव्हा सालीला वाट करून द्यायची. बी बोटात धरा आणि तिचा डोळा शोधा, जिथून ती शेंगेला चिकटलेली असते तो बारीक डाग. डोळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला नेलकटरनं सालीचा एवढासा कपचा काढा, तिळाच्या टोकाएवढा. आतला पांढुरका रंग दिसला की थांबा. त्याच्या आत गेलात तर कोंबाच्या शिदोरीलाच इजा. बिया पुष्कळ असतील तर काड्यापेटीत आतून पॉलिश पेपर लावा, बिया भरा आणि चहा उकळेपर्यंत खुळखुळत बसा. आमच्या घरी हे काम नातवाकडे आहे. त्याला दुसरं काही सांगितलं तर ऐकत नाही, हे मात्र तो मनापासून करतो.

मग रात्री झोपताना कोमट पाण्यात टाकायच्या, सकाळी बाहेर काढायच्या. आठ-दहा तास पुरे. दिवसभर पाण्यात राहिल्या तर गुदमरून सडतात. सकाळी वाटी बघितली की कोणती बी फुगली आणि कोणती जशीच्या तशी आहे ते लगेच कळतं. गोकर्णाची चपटी, काळपट बी फुगून भिजलेल्या मुगापेक्षा मोठी दिसते. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा नेलकटर आणि पुन्हा एक रात्र. गणेशवेलीची बी लहान आणि बारीक, तिला कापायची गरज नाही, नुसतं भिजवलं की झालं.

माती आणि पेरणी

आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, बादलीत मात्र वैरीण. ओली असताना चिखल, वाळली की वीट, आणि आक्रसताना कोवळ्या मुळ्या तोडते. मी एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाडी वाळू आणि एक घमेलं दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत घेते. नस्टर्शियम नावाचं फुलझाड लावणार असाल तर शेणखत निम्म्याहून कमी, ते गरिबीतच फुलतं. बादलीला तळाशी पाच-सहा भोकं पाडा आणि बुडापासून दोन बोटं वर बाजूलाही चार. खालची भोकं फरशीला चिकटून बुजतात, तेव्हा बाजूची कामाला येतात. वीस लिटरच्या बादलीत दोन वेली, फार तर तीन. जमिनीत लावणार असाल तर वीतभर अंतर ठेवा.

बी किती खोल? आमच्या सासूबाई साक्रीकडच्या, अहिराणीच बोलायच्या. पहिल्या वर्षी मी बोटाची दोन पेरं खोल भोक करत होते तर ओट्यावरून ओरडल्या, "वं बाई, बी पेरस का पुरस?" बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे अर्ध्या पेराच्या आसपास, एवढंच. आणि वरून काळी माती लोटू नका. सरीवर पाऊस, सरीनंतर ऊन, की तिची पापडी धरते आणि कोंब खालीच वाकडा होतो. वाळू-शेणखताची चिमूट टाकून हलकं दाबा. बादलीच्या कडेनं राखेची रेघ ओढली तर मुंग्या दोन दिवस दूर राहतात, पाऊस पडला की पुन्हा ओढा. स्वीट पीच्या बियांवर उंदरांचा डोळा असतो, त्या बादलीवर मी पीठ चाळायची जुनी चाळण उपडी घालते.

या वेलींना उपटून दुसरीकडे लावलेलं आवडत नाही. शक्यतो जिथे वाढवायची तिथेच पेरा. नाहीच जमलं तर चहाच्या कागदी पेल्यात एक-एक बी लावा आणि चार पानांवर यायच्या आत पेल्याचं बूड फाडून मातीच्या गोळ्यासकट बसवा.

चार-पाच दिवसांत गणेशवेल वर येते. तिची पहिली दोन पानं खाली वाकून बघण्यासारखी असतात. प्रत्येक पान मधोमध दुभंगलेलं, लांब, निमुळतं, दोन उघड्या कात्र्या मातीतून वर आल्यासारख्या. खरी पानं येतात ती बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली. हे माहीत नसेल तर माणूस तण समजून उपटतो. आमच्या कामवाल्या मावशींनी एकदा अख्खी बादली साफ करून दिली होती, वर कौतुकाची वाट बघत उभ्या.

चांदणवेलीला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. या काळात बादली ओलसर हवी, चिंब नको. रोपानं जमिनीलगत मान टाकली तर ते पाणी जास्त झाल्याचं लक्षण. तिथे हात आखडा घ्या आणि बादली वारा लागेल अशी ठेवा.

चढायला काय द्यायचं

बाजारात प्लॅस्टिकच्या जाळ्या मिळतात. मी सुतळीच वापरते. हंगाम संपला की वेलीसकट सुतळी कापून खाली ओढायची आणि वेल बियांवर आलेली नसेल तर गुंडाळून खताच्या खड्ड्यात टाकायची. नायलॉनची दोरी असली की वाळलेली वेल सोडवत तासभर बसा. आमच्या ह्यांनी एकदा माहेरच्या शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या आणून उभ्या केल्या. गुळगुळीत नळीवर वेल चढायची आणि पावसाचं पाणी धरून जड झाली की सर्रकन खाली. नळीला सुतळीचे वेढे दिले तेव्हा कुठे टिकली. लोखंडी तारही ऑक्टोबरात इतकी तापते की कोवळा शेंडा करपतो.

गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी, चांदणवेल या आधाराला वेढे घालत चढतात. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या बरोबर उलट. मदत करायची म्हणून तुम्ही शेंडा प्रदक्षिणेच्या दिशेनं गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी सुटून लोंबत असतो. आधार शोधत तो शेंडा हवेत हळूहळू फेऱ्या मारतो. एकदा मी पोळ्या लाटायला आत गेले तेव्हा तो कठड्याकडे वळलेला होता, जेवणं आटोपून आले तर भिंतीकडे.

स्वीट पीचं वेगळं. ती पानाच्या टोकाच्या तणाव्यांनी धरते, आणि तणावा जाड बांबूला विळखा घालू शकत नाही. तिला काडीएवढं बारीक काही हवं. त्यासाठी आपल्या पऱ्हाट्यांसारखं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांसारखं दुसरं काही नाही, फांद्याच फांद्या, आणि गावाकडून फुकट. फक्त वाळकी बोंडं लागलेल्या पऱ्हाट्या आणून साठवू नका, बोंडअळी त्यांत दडून राहते आणि शेजारच्या वावरात जाते. जिथे बांधावं लागेल तिथे केळीचं वाळकं सोपट पाण्यात भिजवून चिरून घ्या. देठाला काचत नाही. रावेरकडचा कुणी पाहुणा असला तर त्याच्याकडून मागवून ठेवते.

वेल फूटभर झाली की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण त्याशिवाय ती एकाच सुतळीवर सरळ वर पळते आणि खाली ओटा उघडाच.

पाणी, खत, कीड

नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादल्यांना. आरओचं वाया जाणारं पाणी एक-दोनदा चालतं, रोज घातलं की मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर पाणी. मातीवर भुईमुगाच्या टरफलांचा थर दिला की ऑक्टोबरात निम्मं पाणी वाचतं.

कळ्या दिसेपर्यंत जास्तीचं खत नाही. गोकर्णाला तर नाहीच. ती कडधान्याच्या कुळातली, मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः मिळवते.

पाऊस संपून ऊन चढलं की पानाखाली लाल कोळी येतो, पानं धुरकट, पिवळी ठिपकेदार होतात. पाइपानं खालून जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवस लागोपाठ. थंडीत शेंड्यांवर मावा. त्याला पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. कपाशीसाठी करतात तोच.

थंडीतली पाळी

स्वीट पी मूळची सिसिलीची. १६९९ साली तिथल्या फ्रान्चेस्को कुपानी नावाच्या मठवासी साधूनं तिच्या बिया इंग्लंडला पाठवल्या आणि तिथून ती जगभर गेली. सिसिलीत पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणजे तिचा हंगाम आपल्या गहू-हरभऱ्याचा. दसरा झाला की दिवाळीच्या आधी पेरायची. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आपण शेकोटी शोधतो आणि ही मजेत वाढते.

पण जात बघून घ्या. मी पहिल्यांदा चित्र बघून पाकीट घेतलं. रोपं सहा फूट झाली, फूल नाही. होळीला पहिल्या कळ्या आल्या आणि आठवड्यात उन्हानं सगळं वाळलं. ती उन्हाळी फुलणारी जात होती, तिला बारा तासांहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे तो दिवस येतो तेव्हा तिला न सोसणारं ऊनही सोबत येतं. लवकर किंवा हिवाळ्यात फुलणारी, असं स्पष्ट लिहिलेली जातच आणा. जानेवारीअखेर फुलं हातात येतात, आणि संध्याकाळी ओट्यावर असा वास की रस्त्यानं जाणारा मान वळवतो. फुलं रोज तोडायची. शेंग धरली की वेल फुलणं थांबवते.

या शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, पण विषारी आहेत. काळादाण्याचं बीही जुलाबाचं. घरात लहान मूल असेल तर शेंगा वाळायची वाट तुम्ही बघा, त्याला बघू देऊ नका.

बी धरणं

गोकर्णाची शेंग तपकिरी झाली की दुपारच्या आत काढा, नाहीतर उन्हात पीळ घेऊन तडकते आणि बिया ओटाभर. गणेशवेलीची बोंडं वाळली की हातानं चुरा. तिच्या पडलेल्या बिया पुढच्या वर्षी आपोआप उगवतात. बादलीत ते चांगलंच, पण शेणखतातून त्या शेतात जाऊ देऊ नका. कपाशीच्या झाडाला वेढे घालून बसल्या की वेचणाऱ्या बायका शिव्या देतात. म्हणून बियांवर आलेली वेल मी खड्ड्यात टाकत नाही, चुलीत घालते.

बिया आठवडाभर सावलीत वाळवून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत भरते आणि बाहेर नाव, साल लिहून डब्यात ठेवते. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या बिया लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या असायच्या, गोकर्णाला एक गाठ, गणेशवेलीला दोन. त्यातली दोन गाठींची एक पुरचुंडी अजून डब्यात आहे. यंदा जूनमध्ये त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात घालून बघणार आहे.